डावा खांदा

१

आमच्या गावात माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि यात गावाची काही चूक नाही. तलावातल्या मरळ माशानं माझा मोबाइल गिळला आणि पुढं आठवडाभर पाण्यातून रिंग वाजत होती, हे चौकात मीच सांगितलं होतं. जंगलातल्या रस्त्यावर वाघाला लिफ्ट दिली, हेही मीच. मला लोक तोंडावर भैयाजी म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

त्यामुळं ही गोष्ट सांगताना माझी पंचाईत अशी, की हिच्यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही. उलट थोडं काढून ठेवलं आहे.

गोष्ट माझ्या गाडीची आहे. पांढरी, जुनी, घुग्घुसच्या एका खाणकामगाराकडून घेतलेली. सीटवर थाप मारली तर अजून कोळशाची धूळ उडते. रोज सकाळी मी तिचं बोनेट उघडायचो, पाणी बघायचो, दोन गोड शब्द बोलायचो, मग चावी फिरवायचो. कधी सुरू व्हायची, कधी मला अजून गोड बोलायला लावायची. गेल्या हिवाळ्यात तर तिनं कहर केला. नवा टायर बसवावा तर बेअरिंग वाजायचं, बेअरिंग बदलावं तर स्प्रिंग बसायची. धान विकून आलेला पैसा बँकेत कमी आणि नागभीडच्या वारलू मिस्त्रीच्या खिशात जास्त गेला.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण पुनम, आमची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दवाखाना नागभीडला. मधे जंगल आणि जंगलात एक खडा चढ. रुग्णवाहिका बोलवायची तर फोन लागायला हवा, आणि आमच्याकडं फोन लागायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. म्हणजे ऐन वेळी आधार एकच, गोठ्यात उभी असलेली ती पांढरी गाडी.

जावई अतुल वरोऱ्याचा, सोयाबीनच्या व्यापारात. बोलायला मऊ, पण नेमका टोचणारा.

"बाबा," तो म्हणाला, "पुनमला दवाखान्यात न्यायला ही गाडी ठेवली आहे, की हिलाच दवाखान्यात न्यायला पुनमला बोलावलं आहे?"

मी हसलो. माझी बायको मनकर्णा हसली नाही. ती गोठ्याकडं बघत होती.

२

गाडीचं दुखणं सुरू झालं पोळ्यापासून.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानानं तूप-हळद लावायची, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला खांदा चोळायचा आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." दुसऱ्या दिवशी तो घरचा पाहुणा. पुरणपोळी आधी त्याला, मग माणसांना.

माझ्याकडं आता बैल नाहीत. एके काळी कोशा आणि तुऱ्या अशी जोडी होती. कोशा कोसा रेशमासारखा फिकट पिवळा, जुवाला नेहमी डावीकडं. तुऱ्या उजवीकडं. आधी तुऱ्या गेला. त्यानंतर कोशाला कोणत्याही बैलाबरोबर जुंपा, तो डावीकडंच ओढत राहायचा, जणू उजव्या बाजूला कोणी नाहीच. मग तोही म्हातारा होऊन गेला. तलावाच्या पाळीजवळ तुऱ्याशेजारी त्याला पुरलं, तुऱ्यासारखंच गळ्यात खुळखुळणाऱ्या पितळी घाटीसकट. मनकर्णेनं ती काढू दिली नाही. पुढच्या वर्षी गाडी घेतली आणि ती कोशाच्या रिकाम्या गोठ्यात उभी केली.

तर त्या संध्याकाळी शेजारचा पत्रू आपल्या बैलांचे खांदे शेकत होता. मला बघून ओरडला, "काय गा भैयाजी, तुमचा बैल तं पेट्रोल पेते! त्याले काऊन उपाशी ठेवता? द्या ना आवतन!"

झालं. चार माणसं बघायला असली की माझ्या अंगात येतं. मी मनकर्णेकडून तूप-हळदीची वाटी आणवली, पळसाचं पान घेतलं आणि गाडीच्या पुढच्या चाकावरचा पत्रा चोळायला लागलो. उजवी बाजू भिंतीला चिकटून होती, तिथं हात पोचेना. म्हणून डावीकडचाच खांदा शेकला. मग आरशाशी वाकून, अगदी मनापासून, मी म्हणालो,

"आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीवर चढलो असताना पुनमचा फोन आला की तिला दिवस गेले आहेत. त्या आनंदात मी गावभर हिंडत राहिलो. गाडीला ताट दाखवायचं काम मनकर्णेवर सोपवलं होतं.

रात्री विचारलं, "ठेवलं होतं ना ताट?"

"हो जी," ती म्हणाली आणि चूल पुसायला लागली. चूल आधीच पुसलेली होती.

३

वारलू मिस्त्री म्हणजे माझाच भाऊ शोभावा असा माणूस. मी थापा तोंडानं मारतो, तो पान्यानं. पण त्या हिवाळ्यात तोही गोंधळला.

"भैयाजी, एक विचारू? रागावसान नाई ना?"

"विचार."

"डावीकडं कोन बसते तुमच्या गाडीत?"

"कोनी नाई. मी एकटाच तं हिंडून राह्यलो."

"मंग हे पाहा." त्यानं दोन्ही टायर शेजारी ठेवले. उजवा नवाकोरा वाटावा असा, डावा पार गुळगुळीत. "डावी स्प्रिंग बसली. डावं बेअरिंग गेलं. डावी सीट पाहा, कशी दबली हाय. एवढं वजन मानसाचं नसते भाऊ. खरं सांगा, सागाची लाकडं तं नाई ना नेत जंगलातून?"

"अरे, देवाशपथ नाई!"

"तुमची शपथ मले नका सांगू," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

मी स्वतःला समजावलं. रस्ता डावीकडं उतरता आहे. कडेनं गाडी चालवायची माझी खोड आहे. कारण शोधलं की सापडतंच, मी तर जन्मभर तेच करत आलो. पण घरी परतताना चढ लागला आणि गाडीत एक आवाज सुरू झाला. डावीकडून, समोरून. खुळ्ळ... खुळ्ळ... चढावर हळू, उतारावर भरभर.

मी परत वारलूकडं गेलो. त्यानं डॅशबोर्ड उघडला, दार खोललं, चाक काढलं. एकही सुटा नट निघाला नाही.

"कसा येते आवाज?" त्यानं विचारलं.

मला तो आवाज चांगला ओळखीचा होता. पण ते सांगायचा मला धीर झाला नाही.

"येते असाच," मी म्हणालो.

४

गाडी अजूनही कोशाच्याच गोठ्यात उभी असायची. गव्हाण तशीच होती, खुंटा तसाच.

माघातली थंडी. सकाळी दार उघडलं तर गाडीच्या काचा आतून धुरकटलेल्या. सगळ्या नाही. समोरची काच, तीही फक्त डावीकडची. कोणी आत बसून श्वास सोडत राहावं तशी. मी रुमालानं पुसली. वास आला, धानाच्या ओल्या तणसाचा आणि कोमट.

मी म्हटलं, रात्री दव पडलं असेल. मग दव फक्त डावीकडं कसं पडलं, हे मी स्वतःला विचारलं नाही. काही प्रश्न विचारले नाहीत तर माणूस सुखात राहतो.

संध्याकाळी गाडी लावून मी खाली उतरलो आणि उगाच उभा राहिलो. इंजिन गार होताना टिकटिक वाजतं, ते वाजत होतं. त्याच्याखाली दुसरा एक आवाज होता. संथ, ओलसर, तोंड मिटून चावल्यासारखा. चावून चावून गिळायचं, थोडं थांबायचं, आणि पुन्हा.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. आणि खरं सांगतो, त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. भीती आणि माया एकाच दारातून आत आल्या, आधी कोणाला बसवावं ते मला कळेना.

मागं वळलो तर मनकर्णा. हातात पाण्याची बादली.

"हे कोनासाठी वो?"

"गाडीसाठी. तुमीच तं म्हनता, पानी लय पेते." तिनं बादली डाव्या चाकाजवळ ठेवली. सकाळी ती रिकामी होती. फुटकी असेल म्हणून मी उलटी करून बघितली. फुटकी नव्हती.

"पुनमची माय, तुले काई आयकू येते काय गोठ्यात?"

"तुमाले भास होते जी," ती म्हणाली. "रोज रोज लोकायले इतकं सांगता, आता खुद तुमालेच खरं वाटून राह्यलं."

होळीच्या सुमारास अतुल आला. घुग्घुसचा एक भंगारवाला त्यानं पक्का केला होता. "परवा येऊन घेऊन जाईल, बाबा. मी इथं भाड्याची गाडी लावून ठेवतो. उगाच जीव टांगणीला नको."

पोरगा काही चुकीचं बोलत नव्हता. मी मान हलवणार, तेवढ्यात मनकर्णा म्हणाली, "नाई."

ती जावयासमोर कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"पुनमचं होऊ द्या. मंग न्या. तवरोक गाडीले हात नाई लावाचा."

"पण आई, ती रस्त्यात बंद पडली तर?"

"नाई पडत," मनकर्णा म्हणाली. "थे नाई पडत बंद."

५

तारखेच्या बरंच आधी, मोहफुलांच्या दिवसांत, सकाळी पुनमच्या पोटात दुखायला लागलं. अतुल वरोऱ्याला. त्यानं सांगून ठेवलेली भाड्याची गाडी पुढच्या आठवड्यापासून यायची होती. मी टाकीवर चढून फोन लावला, रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. खाली उतरलो तोवर मनकर्णेनं लेकीला मागच्या सीटवर घेतलंही होतं.

"तू पुढं बस, तिले मागं मोकळं होऊ दे," मी म्हणालो.

"थे जागा राहू द्या," ती म्हणाली. कपड्यांची पिशवीसुद्धा तिनं पुढच्या डाव्या सीटवर ठेवू दिली नाही.

गाडी एका चावीत सुरू झाली. गाव सुटलं, जंगल लागलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पहाटेपासून मोहफुलं वेचणाऱ्या बाया, सगळीकडं तो गोड, जड वास. पुनम कण्हत होती. मी तिला हसवायला वाघाच्या लिफ्टची गोष्ट सुरू केली.

"बाबा," ती दात आवळून म्हणाली, "या बारीले वाघाले उतरवून द्या ना, लय दुखून राह्यलं."

आणि चढाच्या पायथ्याशी इंजिनातून खाट असा आवाज आला. असा आवाज ज्यानं एकदा ऐकला त्याला पुन्हा चावी फिरवायची गरज नसते. मी तरी फिरवली. काही नाही. दिवेसुद्धा लागेनात.

शांतता झाली. मोहाची फुलं टपावर पडत होती, टप, टप. फोनला रेंज नाही. पुढंमागं वाहन नाही. पुनमनं आईचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाढली.

"माय, लवकर. माय, नाई सहन होत."

मी गिअर काढला आणि ढकलायला खाली उतरलो. एकट्या माणसानं तो चढ गाडी ढकलत चढणं म्हणजे माझ्यासुद्धा थापेत न बसणारी गोष्ट. पण बाप आणखी काय करणार? मी मागं गेलो, डिकीला हात लावले.

समोरून कोणीतरी नाकातून श्वास सोडला. लांब, जाड, भरून घेतलेला.

असा श्वास कोशा सोडायचा. याच चढाच्या पायथ्याशी, दरवेळी, जोर लावण्याआधी.

माझ्या हातांखालून डिकी सरकली. मी अजून ढकललं नव्हतं.

६

धावत जाऊन मी सीटवर उडी घेतली. गाडी चढत होती. इंजिन मेलेलं, चावी माझ्या मुठीत, आणि गाडी बैलाच्या चालीनं चढत होती. प्रत्येक पावलाला एक हिसका. स्टिअरिंग सारखं डावीकडं ओढलं जात होतं. मी अंगाचा जोर लावून ते उजवीकडं धरून ठेवलं. एकट्या कोशाला जुंपलं की कासरा असाच धरावा लागायचा.

खुळ्ळ... खुळ्ळ...

समोर काही नव्हतं. हे मी कुठंही शपथेवर सांगेन. काचेतून रस्ता दिसत होता, ऊन दिसत होतं, पळसाचा तांबडा फुलोरा दिसत होता.

मग माझी नजर डाव्या आरशावर गेली. आरशात मागचा रस्ता दिसायला हवा. दिसत होता तो खांदा. फिकट पिवळा, घामानं भिजलेला, जुवाचा घट्टा पडलेला, आणि त्या घट्ट्यावर तूप-हळदीचा एक ओघळ. खांदा खाली जायचा, वर यायचा. अख्खा आरसा त्यानंच भरला होता. त्याच्या पुढं मान असेल, शिंगं असतील, डोळा असेल. मी नजर काढून घेतली. तो डोळा माझ्याकडं वळला असता तर हातातलं स्टिअरिंग सुटलं असतं.

मागून आवाज आला, "च्च, च्च... चाल राजा. थोडंसंच राह्यलं."

मनकर्णा. बैलबंडीत बसायची तेव्हा ती असंच बोलायची. तिनं पदरानं पुनमचे डोळे झाकले होते.

चढाच्या मध्यावर मोहफुलांच्या टोपल्या घेऊन बाया उभ्या होत्या. गाडीला वाट देताना माणसं जशी पटकन बाजूला होतात तशा त्या झाल्या नाहीत. लादलेल्या बंडीला द्यावी तशी, लांब सरून, दबकून वाट दिली. त्यांच्यातली मंगली म्हणून एक म्हातारी मला ओळखते. पण तिनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या डावीकडं, थोडं पुढं बघितलं, वाकून जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

माथ्यावरून उतार लागला. गाडी आपसूक घरंगळत नागभीडच्या वेशीला आली आणि सपाटीवरही थांबली नाही. दवाखान्याच्या फाटकातच थांबली.

नात झाली. आवाज असा की अख्ख्या वॉर्डानं वळून पाहिलं. मी म्हटलं, माझ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी वारलूनं इंजिन उघडलं. एक तुटका भाग काढून माझ्यापुढं धरला.

"भैयाजी, हे तुटलं थे कालचं नाई. तुटल्या जागी गंज पाहा किती चढला. पावसाळ्यातला गंज हाय हा." त्यानं चिंधीला हात पुसले. "मंग पोळ्यापासून तुमी ही गाडी कशावर चालवून राह्यले?"



७

पत्रूच्या ट्रॅक्टरनं गाडी ओढून आणली आणि गोठ्यात लावली. डाव्या बाजूनं तशीच दबलेली. बाळ-बाळंतीण घरी आली त्या दिवशी मनकर्णेनं पुरण घातलं. सणवार नव्हता.

दिवेलागणीला ती ताट घेऊन गोठ्याकडं निघाली. मी मागोमाग.

"पोळ्याले तू ताट ठेवलं नव्हतं ना?"

"आनलं होतं," ती म्हणाली. "ठेवलं नाई."

"काऊन?"

तिनं ताट गव्हाणीवर टेकवलं. "मी आली तं गाडी डावीकडं बसली होती. आतून रवंथाचा आवाज. मी तवाच वळखला त्याले. आन सकाळीच तं पुनमचा फोन आला होता." तिनं गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. "पुनमच्या टायमाले मले यानंच नेलं होतं ना जी. याच चढावरून. तुमी बंडी हाकत होते आन रडून राह्यले होते."

"रडत नव्हतो, घाम होता."

"घामच असन." ती थोडं हसली. मग हसू गेलं. "आवतन देल्लेला पाहुना जेवल्याबिगर जात नाई. जेवला असता तं त्याच दिवशी गेला असता. म्हून मी ताट परत नेलं. पानी तेवढं पाजलं. इतके महिने उपाशी ठेवलं मी त्याले, माह्या लेकीसाठी. आन त्यानं एक दिवस नाई म्हटलं नाई."

मी ताट उचललं आणि डाव्या चाकाजवळ जमिनीवर ठेवलं.

"मनकर्णा, उद्या देऊ ना. अजून एक दिवस."

"थकला थो," ती म्हणाली. "जेवू द्या."

आम्ही पाठ फिरवून उभे राहिलो. पाहुणा जेवताना त्याच्या तोंडाकडं बघू नये. मागं खरखरीत जीभ पितळेवर घासल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग कर्रर्र झालं. डावी स्प्रिंग हळूहळू वर आली आणि गाडी सरळ उभी राहिली.

काहीतरी मोठं, कोमट, आमच्या दोघांच्या मधून गेलं. माझ्या बाहीला ओलं लागलं.

खुळ्ळ... खुळ्ळ... अंगणातून, फाटकातून, रस्त्यानं, तलावाच्या दिशेनं. आत नात रडत होती, ती गप्प झाली.

शब्द माझ्या जिभेवर आले होते. तेच पोळ्याचे. नुसते कुजबुजले असते तरी त्यानं ऐकले असते आणि वळला असता, एवढा तो गुणी. मनकर्णेनं माझ्याकडं बघितलं. जन्मात पहिल्यांदा तोंडाशी आलेलं मी गिळलं.

घाटीचा आवाज लांब लांब गेला, बारीक झाला, पाळीवर पोचला आणि थांबला.

थोड्या वेळानं परत सुरू झाला. आता घाट्या दोन होत्या. एक डावीकडून, एक उजवीकडून, एका पावलात.